ब्रदर्स, डेडलस, एल्फिन्स्टन : 50 डाइव्ह झाले म्हणजे तयारी झाली का?

पुण्याच्या एका डायव्हर भगिनींचा प्रश्न आहे. त्यांना आणि त्यांच्या यजमानांना ऑक्टोबरच्या अखेरीस इजिप्तला जाऊन तांबड्या समुद्रातील ब्रदर्स, डेडलस आणि एल्फिन्स्टन या तीन रीफची, म्हणजे प्रवाळ खडकांची, आठवडाभराची लाइव्हअबोर्ड सफर (बोटीवरच राहून डायव्हिंग) करायची आहे. त्यांचे स्वतःचे 74 आणि यजमानांचे 53 डाइव्ह झाले आहेत. यजमानांचे बहुतेक मालवण आणि नेत्राणीचे आहेत, तर त्यांनी स्वतः अंदमानातही दोन मोसम डायव्हिंग केले आहे. बोटवाल्यांची अट किमान 50 डाइव्हची आहे आणि ती दोघेही पुरी करतात. तर जावे का, आणि जायचे झाल्यास तयारी काय करावी, असे त्या विचारतात. मी मूळचा देवगडचा आहे आणि या मार्गावरच्या सफारी बोटींवर (तिकडे लाइव्हअबोर्डला सफारीच म्हणतात) गाइड म्हणून सहा हंगाम काढले आहेत. त्यामुळे उत्तर लांबले तरी सगळे सांगतो.

निर्णय आधी सांगून टाकतो. पुढे सांगितलेली तयारी मनापासून केलीत, तर तुम्ही जरूर जा. यजमानांनी मात्र यंदा हा मार्ग घेऊ नये. याचा त्यांच्या धाडसाशी किंवा अंगच्या कौशल्याशी काही संबंध नाही. 50 हा आकडा मरीन पार्कच्या नियमात आहे आणि नियमाला कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण तो आकडा तुम्ही किती वेळा पाण्यात उतरलात एवढेच सांगतो. तळ दिसत असताना, नांगराच्या दोरीला धरून केलेले 50 डाइव्ह आणि तळ नसलेल्या निळ्या पाण्यात, प्रवाहाच्या ओढीबरोबर वाहत जाऊन केलेले 50 डाइव्ह यांची बेरीज एकाच वहीत होत असली, तरी त्यांतून अंगात मुरणाऱ्या सवयी वेगळ्या असतात. या तीन रीफवर खरा प्रश्न एकच असतो : भिंत नजरेआड झाली, गाइड दिसेनासा झाला आणि वर लाटा असल्या, तर तुम्ही आणि तुमचा जोडीदार पुढची चाळीस मिनिटे शांतपणे निभावून नेऊ शकता का?

ही ठिकाणे नेमकी कशी आहेत, ते आधी डोळ्यांसमोर आणा. ब्रदर्स म्हणजे अरबीत अल-अखवैन, दोन भाऊ. कुसेरच्या किनाऱ्यापासून सुमारे साठ किलोमीटरवर, एकमेकांपासून किलोमीटरभर अंतरावर असलेली ही दोन उजाड बेटे. मोठ्या भावावर ब्रिटिशांनी 1883 साली बांधलेला दगडी दीपस्तंभ आहे. डेडलस त्याहून दक्षिणेला आणि किनाऱ्यापासून आणखी दूर आहे. तिथे जमीन म्हणावी अशी नाहीच, रीफच्या माथ्यावर उभा केलेला दीपस्तंभ आणि त्याला जोडलेला लांबलचक धक्का एवढेच पाण्यावर दिसते. एल्फिन्स्टन त्या मानाने किनाऱ्याजवळ, दहा-बारा किलोमीटरवर आहे, पण तो पूर्णपणे पाण्याखाली असल्याने आडोसा असा काही नाही. तिन्हींच्या भिंती सरळ शेकडो मीटर खाली उतरतात. आपल्याकडे विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, तिचे नाव तुम्ही ऐकले असेल. उघड्या समुद्रातला एकाकीपणा तोच, फरक इतका की आंग्रियाचा माथा वीसेक मीटर पाण्याखाली पसरट आहे, आणि इथे माथा पाण्याला टेकलेला व कडा तुटलेला आहे.

खोल समुद्रातून वाहत आलेले पाणी अशा कड्यावर आदळले, की तिथे खाद्य साठते आणि त्यामागे मासे येतात. पाण्याची जी ओढ माणसाला भिववते, तिच्यामुळेच तिथे हॅमरहेड आणि थ्रेशर हे शार्क दिसतात. वारा बहुधा उत्तरेचा असतो, म्हणून बोटी रीफच्या दक्षिण टोकाला आडोशात बांधतात आणि डायव्हरांना झोडियॅकमधून, म्हणजे हवा भरलेल्या छोट्या रबरी होडीतून, उत्तर टोकाकडे नेऊन सोडतात. ओढ उत्तर टोकावर दुभंगते, दोन्ही बाजूंच्या भिंतींना घासत जाते आणि दक्षिणेला पुन्हा एकत्र येते. नेमके दुभंगते तिथे उतरलात, तर ती तुम्हाला अलगद भिंतीला धरून बोटीपर्यंत आणून सोडते. दहा-पंधरा मीटर चुकलात, तर तुम्ही रीफच्या बाजूने निघून उघड्या समुद्राला लागता.

म्हणूनच इथे बीसीत (तरंगण्यासाठी हवा भरता येणाऱ्या जाकिटात) हवा न ठेवता उडी मारायची असते. झोडियॅकच्या कडेवर सगळ्यांनी एकदम बसायचे, नाखवाने तीन आकडे मोजले की एकदम मागे पडायचे आणि पृष्ठभागावर न थांबता सरळ पाच-सहा मीटर खाली जाऊन तिथे जोडीदाराला गाठायचे. ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात मास्कमध्ये पाणी शिरते, कान मोकळा होत नाही किंवा खाली जाण्यासाठी कंबरेला बांधलेले वजन कमी पडते, आणि माणूस सवयीने वर तरंगत राहतो. तेवढ्या अर्ध्या मिनिटात बाकीचे पाच जण खाली भिंतीपाशी पोहोचलेले असतात आणि वरचा एकटा वीस मीटर दूर गेलेला असतो. अशा वेळी खाली त्यांच्या मागे पोहत सुटायचे नाही. वरच थांबायचे, हात वर करायचा, झोडियॅकमध्ये परत चढायचे आणि पुन्हा उडी मारायची. पाहुणा ओशाळतो आणि ‘जमेल, जमेल’ म्हणत खाली येतो, हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि त्या डाइव्हमध्ये माझे निम्मे लक्ष त्याच्या हवेच्या काट्यावरच असते.

त्या काट्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहा. बोटीवर 12 लिटरची अॅल्युमिनियमची टाकी मिळते. 200 बार दाबाला तिच्यात 2400 लिटर हवा असते. निवांत डायव्हरला पृष्ठभागावर मिनिटाला साधारण 20 लिटर लागतात असे धरले, तर 30 मीटरवर चौपट दाबामुळे 80 लिटर लागतात, म्हणजे मिनिटाला जवळजवळ सात बार. ओढीविरुद्ध पाय मारताना किंवा शार्क पाहून श्वास वाढल्यावर तोच आकडा 30 लिटरवर जातो, आणि मग 30 मीटरवर मिनिटाला दहा बार संपतात. दहा मिनिटांत टाकी निम्मी होते. मालवणला आठ मीटरवर पन्नास मिनिटे पुरणारी हवा इथे पहिल्या दहा मिनिटांतच पुरेनाशी होऊ शकते, हे यजमानांना आकड्यांनिशी दाखवा. आपला स्वतःचा आकडा काढायला फार लागत नाही : एका डाइव्हमध्ये ठरावीक खोलीवर दहा मिनिटे राहायचे, सुरुवातीचा आणि शेवटचा दाब पाटीवर लिहायचा आणि वर आल्यावर भागाकार करायचा. बोट ठरवण्याआधी दोघांनीही हे करावे.

आता डेडलसची एक सकाळ सांगतो, म्हणजे मी फुग्याबद्दल, म्हणजे दोरीच्या रिळाला बांधून वर सोडायच्या आणि आपली जागा बोटीला दाखवणाऱ्या एसएमबीबद्दल, एवढा हट्ट का धरतो ते कळेल. हॅमरहेडसाठी भिंत सोडून निळ्या पाण्यात जावे लागते, कारण ते भिंतीपासून दूर, तीस मीटरच्या आसपास फिरतात. आम्ही सहा जण होतो. पाच-सात हॅमरहेड धुरकट दिसले, एक पाहुणी कॅमेरा घेऊन त्यांच्या दिशेने गेली, तिला परत वळवायला मी गेलो, आणि आम्ही मागे पाहिले तेव्हा भिंत नव्हती. चहूकडे एकसारखा निळा रंग होता. मी सगळ्यांना जवळ घेतले आणि वर निघालो. बारा मीटरवर त्या पाहुणीने आपला फुगा सोडला, पण रीळ अडकले आणि फुगा तिला वर खेचू लागला. तिने क्षणाचाही विचार न करता रीळ हातातून सोडून दिले. कुणी तरी तिला ते नीट शिकवलेले होते. मी माझा फुगा सोडला, पाच मीटरवर सुरक्षेसाठीचा थांबा पुरा केला आणि आम्ही वर आलो, तेव्हा लाटा दीड मीटरच्या होत्या. लाटेच्या माथ्यावर गेलो की दूरवर दीपस्तंभाची बोटाएवढी रेघ दिसायची, लाटेच्या पोटात आलो की पाण्याखेरीज काही नाही. झोडियॅक आम्हाला रीफच्या दुसऱ्या बाजूला शोधत होती. आम्ही बीसी एकमेकांना अडकवल्या, दोन फुगे उंच धरले आणि मी आरशाने सूर्याचा कवडसा दीपस्तंभाच्या दिशेला फिरवत राहिलो. पस्तीस मिनिटांनी नाखवा आला. त्याला आधी फुगा दिसला नव्हता, आरसा चमकलेला दिसला होता. तळहाताएवढा तो आरसा तेव्हापासून माझ्या खिशातून निघालेला नाही.

तेव्हा तुमच्या सामानात प्रत्येकाचा स्वतःचा फुगा असावा, दोघांत मिळून एक नव्हे. तो दीड मीटरहून लांब, केशरी किंवा पिवळा असावा, सोबत रीळ किंवा स्पूल, आरसा, शिट्टी आणि एक छोटा दिवा असावा. समुद्रात सुटलेल्या माणसाचे स्थान बोटींना कळवणारे जलरोधक यंत्र आता मिळते. परवडत असेल तर जरूर घ्या, पण आपली बोट त्याचा संदेश पकडू शकते ना, हे आधी विचारून घ्या. मुख्य म्हणजे फुगा सोडण्याचा सराव. तळाला गुडघे टेकून केलेला सराव इथे उपयोगाचा नाही. पाच मीटरवर, कशालाही न धरता, खोली अर्धा मीटरही न बदलता फुगा सोडता आला पाहिजे, आणि रीळ अडकल्यास ते सोडून देण्याची हाताला सवय हवी.

कधी कधी ओढ खालच्या दिशेने लागते. बुडबुडे वर जाण्याऐवजी डोक्याभोवती घुटमळू लागले किंवा समोरचे मासे नाक वर करून पोहताना दिसले, तर ती खूण समजा. अशा वेळी भिंतीला समांतर वर चढण्याची झटापट न करता भिंतीपासून बाहेर, निळ्या पाण्याकडे तिरके जायचे, गरज पडल्यास बीसीत थोडी थोडी हवा घ्यायची आणि ओढ सुटताच ती काढून टाकायची. शेवटची पायरी माणसे विसरतात आणि मग भरधाव वर जातात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या मार्गावर लॉन्जिमॅनस, म्हणजे ओशनिक व्हाइटटिप शार्क भेटण्याची शक्यता चांगली असते, आणि बरेच लोक त्यासाठीच येतात. भिंतीवरचे शार्क माणसाला पाहून अंतर राखतात, हा राखत नाही. गोल, रुंद, टोकाला पांढरे पर पसरून तो पृष्ठभागाजवळून सावकाश येतो, पोटाखाली पट्टेरी पायलट मासे असतात, आणि तो मागच्या बाजूने जवळ येऊन पाहतो. उघड्या समुद्रात अन्न विरळ असल्याने समोर येईल ते तपासून पाहणे हा त्याचा स्वभावच आहे. गटाने जवळ राहावे, त्याच्याकडे तोंड ठेवावे, पाठ दाखवून पळू नये, पृष्ठभागावर विनाकारण तरंगू नये, शिडीजवळ गर्दी करू नये. बोट बांधलेली असताना गंमत म्हणून पाण्यात उडी मारून पोहणे तर पूर्ण वर्ज्य. खरकटे पाण्यात टाकणारी बोट दिसली, तर गाइडला स्पष्ट सांगा. जगभरच्या मासेमारीने हा शार्क इतका घटला आहे, की आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो नामशेष होण्याच्या सर्वाधिक धोक्यातल्या वर्गात आहे. तो अजून नियमाने दिसतो अशी ठिकाणे थोडी उरली आहेत, आणि तिथे आपण पाहुणे आहोत.

जहाजाच्या सांगाड्यांविषयी थोडे सांगतो, कारण त्यातला एक आपल्याशी जोडलेला आहे. मोठ्या ब्रदरच्या उत्तर टोकाला न्युमिडिया पडली आहे. 1901 च्या जुलैमध्ये लिव्हरपूलहून कोलकात्याला जाताना ती इथे आदळली. तिच्या मालात रेल्वेचे सामान होते. दहाएक मीटरवर, जिथे लाटांचा हेलकावा जाणवतो, तिथे रेल्वेची चाके अजून रीफवर पडलेली आहेत आणि त्यांच्यावर पोवळी चढली आहेत. कोलकात्याच्या वाटेवरची ती चाके पाहिली की माझा हात दर वेळी आपोआप जोडला जातो. जहाजाचा बाकीचा भाग तीव्र उतारावर ऐंशी मीटरपर्यंत गेला आहे आणि एकेक खांब पाहत माणूस नकळत खाली उतरत जातो. जवळच 1957 साली बुडालेली आयडा आहे. तिची सुरुवातच तिसाएक मीटरवर होते. एल्फिन्स्टनच्या दक्षिण पठाराखाली पन्नास मीटरच्या पुढे एक कमान आहे, तिच्याबद्दल बोटीवर कुणी ना कुणी बोलेलच. ती तुमच्यासाठी नाही. नायट्रॉक्स 32 (32 टक्के प्राणवायू असलेली हवा) घेतलात, तर प्राणवायूच्या दाबाच्या 1.4 बार मर्यादेने तुमची खोली 33 मीटरला संपते, आणि पाहण्यासारखे जवळजवळ सगळे त्याच्या वरच आहे. नायट्रॉक्सचा कोर्स नसेल, तर तो आधी करून घ्या : दिवसाला तीन डाइव्ह, सलग पाच-सहा दिवस, हे साध्या हवेवर शरीराला जड जाते.

वजनाबद्दल एक गैरसमज ऐकू येतो, की तांबडा समुद्र जास्त खारट असल्याने दोन-तीन किलो जादा लागतात. खारटपणाचा फरक खरा आहे, पण त्याने अर्धा-एक किलोच वाढतो. बाकीचे वाढते ते सूटमुळे. तुम्ही अंदमानात तीन मिलिमीटरचा सूट घालत असाल आणि इथे पाच मिलिमीटरचा घेतलात, तर आणखी दोनेक किलो लागतील. पहिल्या दिवशी किनाऱ्याजवळ जो तपासणीचा डाइव्ह होतो, त्यात रिकामी होत आलेली टाकी घेऊन पाच मीटरवर स्थिर राहता येते का, ते पाहून वजन ठरवा.

बोटीची निवड लोक जेवण आणि खोल्या पाहून करतात. मी काय विचारतो, ते सांगतो. रात्री सगळे झोपल्यावर बोटीवर फिरता पहारा असतो का? खालच्या मजल्यावरच्या खोल्यांतून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, आणि ती कुलूपबंद नसते ना? कॅमेऱ्याच्या आणि दिव्यांच्या लिथियम बॅटऱ्या कुठे चार्ज होतात, आणि त्या वेळी तिथे कोणी जागे असते का? 2019 च्या 2 सप्टेंबरला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ कन्सेप्शन या डाइव्हबोटीला पहाटेपूर्वी आग लागली आणि खाली झोपलेल्या 34 जणांचा अंत झाला. रात्री फिरता पहारा नव्हता, हे चौकशीत पुढे आले. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये याच तांबड्या समुद्रात मार्सा आलमच्या परिसरात एक सफारी बोट पहाटे उलटली, आणि काही जण उलटलेल्या बोटीच्या खोल्यांत उरलेल्या हवेवर एक दिवसाहून अधिक काळ तग धरून वाचले. ही माहिती मी घाबरवायला देत नाही. पहिल्या संध्याकाळी आपल्या खोलीपासून वरच्या डेकपर्यंतची वाट दिवे बंद करून एकदा चालून पाहा, जीवरक्षक जाकीट हातात घेऊन पाहा, आणि कवायत घेतली नाही तर कप्तानाकडे ती मागा. मोठ्या समुद्रात रात्रभराचा प्रवास असतो तेव्हा मी स्वतः वरच्या मजल्यावरची खोली घेतो.

ब्रदर्सहून दाबकक्ष (डायव्हिंगमुळे होणाऱ्या दाबाच्या आजारावर उपचाराची खोली) असलेल्या शहरापर्यंत पोहोचायला बोटीला कित्येक तास लागतात आणि समुद्र खवळला तर त्याहून जास्त. त्यामुळे बोटीवर शुद्ध प्राणवायू किती आहे आणि तो किती तास पुरेल, हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. दाबकक्षाचा खर्च उचलणारा डायव्हिंगचा वेगळा विमा घ्या. साध्या प्रवासविम्यात तो बहुधा नसतो, आणि असला तरी खोलीची अट बारीक अक्षरांत असते. शेवटचा डाइव्ह आणि परतीचे विमान यांत 24 तास ठेवा.

आता वेळापत्रकातला एक दोष, जो तुमच्या प्रश्नात दिसतोच आहे. मे अखेरीस कोकण आणि मुरुडेश्वरचे (नेत्राणीच्या बाजूचे) पाणी बंद होते, अंदमानातही तेव्हा पावसाळाच असतो. म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस तुम्ही पाच महिन्यांच्या खंडानंतर थेट ब्रदर्सच्या उत्तर टोकावर उडी मारणार. हे टाळा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुण्यातल्या एखाद्या खोल जलतरण तलावात चार-पाच सत्रे करून फुगा, मास्क आणि बीसीत हवा न ठेवता उतरणे, एवढेच पुन्हा पुन्हा करा, आणि सफरीच्या दोन-तीन दिवस आधी हुरघाडा किंवा पोर्ट घालिबला पोहोचून किनाऱ्याजवळचे पाच-सहा डाइव्ह उरका. यजमानांनी याच आठवड्यात दक्षिणेकडची फ्युरी शोल आणि सेंट जॉन्सची सफर घेतली, तर त्यांना तुलनेने आडोशाचे रीफ, कमी ओढ आणि झोडियॅकची सवय मिळेल, वहीत वीसेक डाइव्हही वाढतील. दोघांना एकत्रच जायचे असेल, तर मी दोघांनाही यंदा तीच सफर घ्यायला सांगेन, कारण पाण्यात तुमचे जोडीदार तेच असणार आहेत, आणि ब्रदर्सला तुमची तयारी त्यांच्या तयारीएवढीच धरली जाईल.